दमयंतीबाईंचं कोर्टातलं हळदीकुंकू

दमयंतीबाई ओगले आयुष्यात पहिल्यांदा कोर्टात गेल्या आणि थेट चुकीच्या खुर्चीत जाऊन बसल्या.

त्यात त्यांचा फारसा दोष नव्हता. तोक्योच्या कोर्टात बघ्यांसाठी ज्या खुर्च्या असतात, त्यांतल्या काही खुर्च्यांवर पांढरीशुभ्र खोळ चढवलेली असते. मराठी बाईनं पांढरी खोळ पाहिली की तिला ती पाहुण्यांचीच जागा वाटणार, आणि आपण पाहुणे आहोत याबद्दल दमयंतीबाईंना सतरा वर्षं जपानात राहूनही शंका नव्हती. त्या पर्स मांडीवर घेऊन ऐसपैस बसल्या. मग एक रक्षक आला, तीनदा वाकला आणि सांगू लागला की ही जागा वार्ताहरांची आहे, गैरसोयीबद्दल राग नसावा. बाई उठल्या त्या कान लाल करून. शेजारी बसलेल्या ओकुमुरा-सान तोंडावर रुमाल धरून हसत होत्या.

या ओकुमुरा-सान म्हणजे चौऱ्याहत्तर वर्षांच्या निवृत्त शाळामास्तरीण. एदोगावाच्या वॉर्ड ऑफिसात परदेशी बायकांना फुकट जपानी शिकवायच्या. दमयंतीबाईंचं जपानी सुपरमार्केटात तळणविभागात बाइतो, म्हणजे अर्धवेळ नोकरी, करून करून घडलेलं होतं. ‘क्रोके गरम आहेत, सांभाळून’ हे बटाट्याच्या पॅटिसचं वाक्य त्या झोपेतही अचूक म्हणत. बाकी सगळा अंदाजपंचे कारभार. नवरा हरीश बँकेच्या तीन वर्षांच्या पोस्टिंगवर आला आणि इथलाच झाला. मुलगी अक्षया क्योतोला विद्यापीठात शिकते. आईनं मराठीत विचारलं की जपानीत उत्तर देते, आणि आईनं जपानीत विचारलं की हसते. म्हणून आईनं क्लास लावला.

एके दिवशी वर्ग सुटल्यावर ओकुमुरा-सान म्हणाल्या, “दमयंती-सान, गुरुवारी मोकळ्या आहात? कोर्टात यायचं. काही करायचं नाही. फक्त बसायचं.”

लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत ‘फक्त बस’ असं दमयंतीबाईंना कुणी सांगितल्याचं आठवत नव्हतं. त्या लगेच हो म्हणाल्या.

घरी हरीशनं भुवया उंचावल्या. “अगं, शहाण्या माणसानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात.”

“लिफ्ट आहे तिथे,” दमयंतीबाई म्हणाल्या.

त्या पहिल्या दिवसाचं कामकाज जेमतेम सहा मिनिटं चाललं. तीन न्यायाधीश आत आले, सगळे उठले, सगळे वाकले. दोन्ही बाजूंच्या वकिलांनी कागद इकडचे तिकडे केले, डायऱ्या काढून पुढची तारीख ठरवली, पुन्हा सगळे उठले, पुन्हा वाकले. एवढ्यासाठी आपण साडीला इस्त्री केली, असं बाईंच्या मनात आलं आणि त्यांनी तसं बोलूनही दाखवलं.

“मागच्या वेळी आम्ही चौघं होतो,” ओकुमुरा-सान म्हणाल्या. “आज पाच. मधल्या न्यायाधीशांनी वर बघून मोजलं, पाहिलंत का? खटला कुणाचा आहे हे कागदावर असतं. तो कुणाला महत्त्वाचा वाटतो, हे या खुर्च्यांवरून कळतं.”

तर ही या मंडळींची रीत होती. इमिग्रेशनच्या कोठडीत अडकलेल्या, आश्रय मागणाऱ्या माणसांचे दावे जिथे चालतात, तिथे जाऊन खुर्च्या भरायच्या. घोषणा नाहीत, फलक नाहीत, तोंडातून ब्र काढायचा नाही. एक निवृत्त पोस्टमन, दोन पेन्शनर बहिणी, एक शिंपी, ओकुमुरा-सान आणि आणखी एकदोघं. सगळ्यांची वयं धरून बेरीज केली तर पेशवाईपर्यंत जाईल, असं दमयंतीबाईंनी हरीशला सांगितलं. पण गुरुवार त्यांचा सुट्टीचा वार होता, आणि खरं म्हणजे दावेदाराची ती रिकामी खुर्ची त्यांच्या डोक्यातून जाईना. दावा जिचा होता ती बाई कोर्टात नव्हतीच. तिच्या नावानं सहा मिनिटं बोलणं झालं आणि ती कोठडीत बसून होती.

तिचं नाव सेल्वी. श्रीलंकेची तमिळ, वय चौतीस. इथे एका हॉटेलात स्वयंपाक करायची. गावी परतले तर जिवाला धोका आहे, असं सांगून तिनं आश्रय मागितला होता. तो नाकारला गेला, राहण्याचा कागद संपला आणि तिला आत घेतलं. तिला निर्णय होईपर्यंत तात्पुरतं बाहेर सोडावं असा अर्ज वकील हिरायामा-सान यांनी दोनदा केला आणि दोन्ही वेळा तो परत आला.

दमयंतीबाई तिला भेटायला गेल्या. फोन लॉकरमध्ये ठेवायचा, नंबर घ्यायचा, वर जायचं. छोटी खोली, मध्ये प्लास्टिकचा पारदर्शक जाड पत्रा, अर्धा तास. पहिल्या भेटीत दोघींनाही काय बोलावं सुचेना. शेवटी सेल्वीनं मोडक्या जपानीत विचारलं, “तुम्ही सांबाराला डाळ कुठली घेता?” दमयंतीबाईंनी सांगितलं. सेल्वीनं कपाळाला हात लावला. पुढची पंचवीस मिनिटं तिनं त्यांना सांबार शिकवला, आणि वेळ संपल्याचं सांगायला अधिकारी आला तेव्हा दमयंतीबाई कागदावर ‘मेथी शेवटी नाही, आधी’ असं लिहीत होत्या. त्या आनंदात घरी आल्या. हरीशला सांबार आवडला. मग दर पंधरा दिवसांनी जाणं सुरूच झालं.

नवरात्रातल्या एका शुक्रवारी त्या एका मैत्रिणीकडचं हळदीकुंकू आटोपून तशाच भेटायला गेल्या. सेल्वी त्यांच्या कपाळाकडे बघत राहिली. मग आपल्या रिकाम्या कपाळावर बोट ठेवून म्हणाली, “इथे काही मिळत नाही. किती दिवस झाले.”

दमयंतीबाईंनी विचार केला नाही. विचार केला असता तर ते घडलंच नसतं. त्यांनी अनामिकेनं स्वतःच्या कपाळावरचं कुंकू टिपलं आणि ते त्या पारदर्शक पत्र्यावर, सेल्वीच्या भुवयांच्या मधोमध येईल असं टेकवलं. सेल्वी पुढे वाकली, थोडी डावीकडे सरकली आणि बरोब्बर त्या ठिपक्यामागे आली. एक क्षणभर तिच्या कपाळावर कुंकू होतं. दोघी हसल्या. मग अधिकारी फवारा आणि फडकं घेऊन आला, माफी मागितली आणि पत्रा स्वच्छ पुसून गेला. ट्रेनमध्ये दमयंतीबाईंना रडू आलं. समोरच्या मुलानं उठून त्यांना जागा दिली.

नोव्हेंबरात तारीख ठरली, बावीस जानेवारी, दुपारी दीड वाजता. यावेळी कागदांची अदलाबदल नव्हती. सेल्वीला स्वतः कोर्टात आणून तिची साक्ष होणार होती. हिरायामा-सान यांनी मंडळींना बसवून सगळं नीट समजावलं. “सोडण्याचा अर्ज नामंजूर होण्याचं मुख्य कारण एक आहे. सुरुवातीच्या चौकशीत ‘जपानमध्ये तुमचं कोण आहे?’ या प्रश्नाला सेल्वी-साननी ‘कोणी नाही’ असं उत्तर दिलंय. आता ओकुमुरा-सान जामीन राहायला तयार आहेत, राहायला खोलीही देताहेत. पण विरुद्ध बाजू तोच प्रश्न पुन्हा विचारणार. ती पुन्हा ‘कोणी नाही’ म्हणाली, तर तिसरा अर्जही गेला समजा.”

“पण ती असं का म्हणते? आम्ही आहोत ना!” दमयंतीबाई म्हणाल्या.

“तिला वाटतं, नाव घेतलं तर तुम्हाला त्रास होईल. मी किती समजावलं. ऐकत नाही.”

दमयंतीबाईंनी तारीख कोर्टाच्या वहीत लिहिली. ही वही पर्समध्ये असे. घरातले सणवार मात्र फ्रिजशेजारच्या, पुण्याहून मागवलेल्या पंचांगाच्या कॅलेंडरवर. कोर्ट वहीत आणि संक्रांत भिंतीवर, अशी त्यांच्या आयुष्याची चोख विभागणी झाली होती. या चोखपणानंच घात केला. संक्रांतीनंतरचा सोयीचा गुरुवार बघून त्यांनी भिंतीवर लिहिलं, ‘हळदीकुंकू, दु. ३ ते ६’, आणि एदोगावातल्या एकतीस बायकांना आमंत्रणं धाडली. वाण म्हणून शंभर येनच्या दुकानातून घडीच्या चौकोनी गाद्या आणल्या, बसायला घेता येतील अशा. एकतीस आणि एक जास्तीची.

वीस तारखेला संध्याकाळी ओकुमुरा-सानचा फोन आला. “गुरुवारी किती माणसं होतील हो? खोली मोठी दिलीय यावेळी. छत्तीस जागा आहेत. आम्ही सातच आहोत, त्यात पोस्टमन-सानना सर्दी झालीय.”

दमयंतीबाईंनी फ्रिजशेजारी पाहिलं. मग त्या तिथेच जमिनीवर बसल्या.

“Cancel कर ना, simple,” हरीश म्हणाला. “किंवा postpone. रथसप्तमीपर्यंत चालतं ना?”

“रथसप्तमी रविवारी आहे. शुक्रवारी-शनिवारी माझी ड्यूटी, आणि रविवारी निम्म्या जणींकडे त्यांचंच हळदीकुंकू.” त्या बोलता बोलता थांबल्या. हरीश म्हणतो की तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं ते त्यानं एकदाच आधी पाहिलं होतं, लग्नात मंगलाष्टकं लांबली तेव्हा. “हरीश, छत्तीस जागा आहेत,” दमयंतीबाई म्हणाल्या. “आणि एकतीस बायका ती दुपार मोकळी ठेवून बसल्यात.”

रात्रीच्या जेवणाआधी ग्रुपवर मेसेज गेला, ‘हळदीकुंकू ठरल्याप्रमाणे गुरुवारीच. फक्त स्थळात आणि वेळेत बदल. स्थळ कोर्ट.’ त्याखाली सेल्वीची सगळी हकीकत. दहा मिनिटं कुणी काही लिहिलं नाही, ही त्या ग्रुपच्या इतिहासातली पहिलीच वेळ. मग धबधबा सुटला. दागिने घालायचे का? कोर्टात लहान बाळ चालतं का? चित्रानं, जी एका मोठ्या ट्रेडिंग कंपनीत होती आणि जिचं सगळे ऐकत, सरळ विचारलं, “ताई, आपल्या व्हिसाला काही होणार नाही ना? ते clear करा आधी.”

दमयंतीबाईंनी हिरायामा-सानना विचारून उत्तर दिलं. कोर्टाचं दार सगळ्यांना उघडं असतं, तिथे बसणाऱ्याचं नावही कुणी विचारत नाही. ज्यांना भीती वाटते त्यांनी येऊ नये, त्यांचं वाण घरपोच मिळेल. दोघी येणार नाही म्हणाल्या. चित्रानं लिहिलं, ‘half day टाकते.’

गुरुवारी कोर्टासमोरच्या हिबिया बागेत कडक थंडी होती आणि लख्ख ऊन. एकोणतीस बायका आल्या त्या संक्रांतीच्या काळ्या साड्यांत. खडीची चंद्रकळा, काळी पैठणी, काळी इरकली, वरून जाडजूड जॅकेटं. ओकुमुरा-सान दुरून बघून घाबरल्या. लगबगीनं येऊन त्यांनी दमयंतीबाईंचा हात धरला आणि दबक्या आवाजात विचारलं, “कोण गेलं? सेल्वी-सानला काही झालं का?”

“काही नाही हो! आमच्यात संक्रांतीला काळंच नेसतात.”

“आमच्यात काळं म्हणजे मयत,” ओकुमुरा-सान म्हणाल्या आणि छातीवर हात ठेवून बाकावर टेकल्या. त्यांना पहिलं हळदीकुंकू लावलं. मग दोघी पेन्शनर बहिणींना. मग बाकांच्या रांगेत एकमेकींना. कुणीतरी म्हटलं, उखाणा झालाच पाहिजे. दमयंतीबाईंनी घड्याळाकडे बघत घाईघाईत घेतला:

“हिबियाच्या बागेत ऊन पडलंय छान,
हरीशरावांचं नाव घेते, कोर्टात ठेवा भान!”

“आणि नीट ऐका,” त्यांनी डबा फिरवत बजावलं. “तिळगूळ घ्या आणि गोडही बोलू नका. बोलूच नका. आत एक शब्द नाही. हसणं नाही, ‘अगं बाई’ नाही. फोन बंद. पांढऱ्या खोळीच्या खुर्चीत कुणी बसायचं नाही.”

तपासणीच्या यंत्रातून तीस पर्सेस गेल्या. दमयंतीबाईंचा चांदीचा करंडा पडद्यावर उमटला तेव्हा रक्षकानं पर्स उघडायला लावली. लाल पूड, पिवळी पूड. त्यानं दुसऱ्याला बोलावलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. दमयंतीबाईंनी बोटानं स्वतःच्या कपाळाकडे दाखवलं, मग मागच्या रांगेकडे. तिघा रक्षकांनी एकोणतीस कपाळं ओळीनं पाहिली. वरिष्ठ रक्षक वाकून म्हणाला, “समजलं. कृपया आत चला.”

दीड वाजता छत्तीस जागांपैकी पांढऱ्या खोळीची एकच खुर्ची रिकामी होती. बागेत वाटलेल्या गाद्यांच्या घड्या उलगडून सगळ्या बसल्या होत्या. न्यायाधीश आत आले, सगळे उठले, सगळे वाकले. मधले न्यायाधीश खाली बसले, चष्मा सरळ केला आणि पुन्हा एकदा वर पाहिलं.

बाजूचं दार उघडलं. दोन अधिकाऱ्यांच्या मधून सेल्वी आली. राखाडी स्वेटर, खांदे आत ओढलेले, नजर पायांशी. साक्षीदाराच्या जागी जाताना तिनं एकदाच मान वर केली. आधी तिला कळलंच नाही, असं वाटलं. मग तिनं एकेक कपाळ पाहिलं. चित्राचं, बहिणींचं, ओकुमुरा-सानच्या पांढऱ्या केसांखालचं थोडं तिरकं लागलेलं. शेवटी दमयंतीबाईंचं. मग ती वळली आणि न्यायाधीशांसमोर बसली. आता बायकांना फक्त तिची पाठ दिसत होती.

सव्वा तास प्रश्न झाले. दुभाषा तमिळमधून जपानीत आणत होता. दमयंतीबाईंना निम्मं कळत होतं, पण त्या वाट बघत होत्या ती एकाच प्रश्नाची. तीस मराठी बायका सव्वा तास गप्प बसल्या होत्या. या गोष्टीची नोंद कुठल्याही कागदावर झाली नाही, याची दमयंतीबाईंना आजही खंत आहे.

शेवटी विरुद्ध बाजूचे वकील उठले. तरुण होते, आवाज सौम्य होता. त्यांनी जुना कागद हातात घेतला. “चौकशीत तुम्ही सांगितलंय की जपानमध्ये तुमचं कोणी नाही. हे बरोबर आहे?”

दुभाष्यानं विचारलं. दमयंतीबाईंनी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं. बोल बाई, त्या मनात म्हणाल्या. त्रासाचं आम्ही बघून घेऊ, तू बोल.

सेल्वीनं दुभाष्याकडे पाहिलं नाही. ती जपानीत बोलली, तिच्या मोडक्या, स्वयंपाकघरातल्या जपानीत.

“तेव्हा बरोबर होतं,” ती म्हणाली. “आता नाही. माझ्या मागे बसल्यात ना, त्या.”

बायकांनी काही ठरवलं नव्हतं. पण आपला उल्लेख झाल्यावर मराठी बाई जे करते तेच त्यांनी केलं. ताठ बसून पदर सारखा केला. एकदम सगळ्यांनी. शंभरएक बांगड्या एकाच वेळी किणकिणल्या. कोर्टाचा एक कर्मचारी दचकून उभा राहिला. मधल्या न्यायाधीशांनी हात किंचित वर करून त्याला बसायला सांगितलं, मागच्या रांगांकडे निवांत पाहिलं आणि म्हणाले, “उत्तराची नोंद घ्यावी.”

बाहेर आल्यावर दमयंतीबाई आधी ओकुमुरा-सानच्या गळ्यात पडल्या, मग चित्राच्या. हिरायामा-सान म्हणाले, नोंदीची प्रत तिसऱ्या अर्जाला जोडतो. पण हमी काही देत नाही. मग एरवी रेघ मारल्यासारखं बोलणारा हा माणूस घुटमळला आणि विचारू लागला की तो तिळाचा लाडू आणखी एक मिळेल का.

फेब्रुवारी कोरडा गेला. दमयंतीबाई क्रोके तळत, भेटीला जात, रस्सम शिकून येत. बत्तिसावी गादी कपाटात होती. “माझं वाण राहिलं,” सेल्वी प्रत्येक भेटीत म्हणे. त्या म्हणत, “राहिलेलं नाही, ठेवलेलं आहे.” घरी येऊन मात्र काळजीनं त्यांना झोप लागत नसे.

पाडव्याच्या दिवशी त्या बाल्कनीत गुढी उभारत होत्या. शेजाऱ्यांना वाटे, या बाई वर्षातून एकदा रेशमी कपडा आणि तांब्या वाळत घालतात. फोन वाजला. ओकुमुरा-सान बोलत नव्हत्या, नुसत्या रडत होत्या.

“उद्या,” शेवटी ओकुमुरा-सान म्हणाल्या. “उद्या दुपारी सोडताहेत. मंजूर झाला.”

दुसऱ्या दिवशी दुपारी कोठडीच्या दाराशी दमयंतीबाईंबरोबर ओकुमुरा-सान, हिरायामा-सान, अर्धा दिवस रजा टाकलेली चित्रा आणि, शहाण्या माणसाला न शोभेल असा, हरीश उभा होता. सेल्वी बाहेर आली, दोन्ही हातांत कापडी पिशव्या. उजेडानं तिनं डोळे मिटले. ओकुमुरा-सान पुढे व्हायला लागल्या, तशी दमयंतीबाईंनी त्यांना हातानं थोपवलं. “एक मिनिट. आधी माझं.”

त्यांनी पर्समधून करंडा काढला. अनामिका कुंकवात बुडवली आणि हात पुढे केला. सवयीनं तो हात मध्येच थांबला, जिथे दर वेळी तो जाड पत्रा असायचा तिथे. मग आणखी पुढे गेला. बोटाला कपाळ लागलं. गरम होतं, थोडं घामेजलेलं होतं. घामानं कुंकू भुवईपर्यंत ओघळलं. सेल्वीनं ते पुसू दिलं नाही. पिशव्या खाली टाकल्या, करंड्यात बोट बुडवलं आणि दमयंतीबाईंच्या कपाळावर टेकवून धरलं, बराच वेळ. दोघी रडत होत्या आणि हसतही होत्या. फवारा आणि फडकं घेऊन कुणीही आलं नाही.

मग हरीशनं पिशवीतून बत्तिसावी गादी काढून दिली. सेल्वीनं ती उलगडली, उलटसुलट पाहिली.

“हे कशाला?”

“बसायला,” दमयंतीबाई डोळे पुसत म्हणाल्या. “पुढच्या गुरुवारी, अकरा वाजता. दुसऱ्या एका बाईची तारीख आहे. तिनंही कागदावर लिहिलंय की इथे तिचं कोणी नाही.”

सेल्वीनं गादी काखेत मारली. “कुठल्या खुर्चीत बसू?”

“तू माझ्या शेजारी बस,” दमयंतीबाई म्हणाल्या. “फक्त पांढरी खोळ दिसली की उठ.”